गांगुर्डेबाईंचे तांदूळ

"रडतेस काय? थांब, आधी हे तांदूळ निवड." दारात कुणी रडवेलं दिसलं की गांगुर्डेबाई सूपभर रेशनचे तांदूळ त्याच्या हातात द्यायच्या. पाणी नंतर, विचारपूस त्याहून नंतर.

बाई आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतल्या. शाळेतून निवृत्त, नवरा वारलेला, एकुलता मिलिंद फौजेत. कुठल्या काळजीला किती तांदूळ, हे त्यांना तोंडपाठ. "सासू बोलली? पावशेर पुरे. पोराचा दहावीचा निकाल? मग किलोभर लागतील." माझ्या नवऱ्याच्या मालेगावला बदलीची आवई उठली, तेव्हा त्या धिप्पाड माणसाने बुद्धाच्या तसबिरीखाली मांडी घालून अडीच किलो निवडले. बदली टळली. "बघा!" बाई म्हणाल्या. जणू साहेबांनी तांदूळ बघूनच ऑर्डर फाडली!

एकदा मी चिडलेच. "खडे वेचून प्रश्न सुटतो का हो बाई?"

"नाही सुटत. पण हात चालले की डोकं भलतीकडे धावत नाही. आज करण्यासारखं काही असेल तर ऊठ, कर. नसेल तर निवड!"

खोटं कशाला बोलू, गुण यायचा.

त्या हिवाळ्यात मिलिंदचं पत्र येईना. दोन महिने झाले. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा. बाई मात्र येईल त्याच्या हातात सूप देतच होत्या.

न राहवून एका दुपारी मी गेले. बाई पाठमोऱ्या बसलेल्या. पुढ्यात निवडलेले स्वच्छ तांदूळ, आणि डब्यात साठवलेले खडे त्या मुठीमुठीने त्यात परत मिसळत होत्या.

"अगबाई! हे काय चाललंय?"

त्या केवढ्या दचकल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "निवडून झालं की उठून जाता गं तुम्ही सगळे. मग हे घर खायला उठतं. आणि आता तर त्याचं पत्रही..."

इतकी वर्षं आम्ही आपापली रडगाणी घेऊन आलो, हलके होऊन गेलो. बाईंना कुणी विचारलंच नाही. लाज वाटली मला.

मी पदर खोचला. उरलेले खडे अंगणापलीकडे फेकले आणि शेजारच्या शेखभाभींना हाक मारली, "भाभी, या हो निवडायला! आज हे शिजवायचेत."

"अगं, एवढा भात खाणार कोण?" बाई म्हणाल्या.

"आम्ही. पत्र येईपर्यंत रोज, दोन्ही वेळा. आणि आलं तरीसुद्धा."