छपरावरचा म्हातारा करकोचा

आभाळात उडणारं काहीही दाखवा, मी खालून नाव सांगतो! नुसतं पोट दिसलं तरी पुरे. शाळा मी चौथीत सोडली, म्हणजे खरं तर गुरुजींनी मला सोडलं. पण शेतातले पंप दुरुस्त करता करता अर्धं आयुष्य पाठीवर पडून काढलंय, आणि पंपाखाली पडलेल्या माणसाला आभाळाशिवाय दिसणार काय? टीव्हीवर पक्ष्यांविषयी बोलणारे ते इस्त्रीच्या सदऱ्यातले तज्ज्ञ आहेत ना, त्यांना आमच्या थायलंडातल्या रोई एटच्या बांधावर एकदा उभं करा. घारीला नमस्कार करून विमान म्हणतील!

असा मी. आणि म्हणूनच फाईच्या लग्नाच्या आदल्या दुपारी जे झालं, त्याचा मला अजून संताप येतो.

फाई आमची एकुलती एक. नवरा मुलगा, कोंग, कालव्यापलीकडचा. अंगणात मांडव उभा राहिला होता, बायका लग्नविधीसाठी केळीच्या पानांचे शंकू वळत होत्या, माझी बायको लमै एका हाताने मिरच्या कुटत होती आणि दुसऱ्या हाताने मला कामं दाखवत होती. एवढ्यात मुलाची आजी मांडव बघायला आली. आमच्याकडे आजीला याय म्हणतात. ही याय चान. गावातले पोलीससुद्धा हिच्यापुढे हात जोडून वाकतात!

तिने मांडव बघितलाच नाही. वर बघितलं. तोंडातलं पान चघळायचं थांबलं.

"प्रायून, तुझ्या घरावर गिधाडं फिरताहेत."

मी वर पाहिलं. मोठे मोठे पक्षी, पंख न हलवता, आमच्या छपरावर गोल गोल. आमच्या भागात असले पक्षी कुणी कधी पाहिले नव्हते. बायकांचे हात थांबले. गिधाड घरावर बसणं म्हणजे काय, ते आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. त्या घरात शुभकार्य नाही. भिक्खू बोलवा, घर धुऊन घ्या, नाहीतर सरळ घर सोडा.

"याय, ती गिधाडं नाहीत!"

"मग कोण? तुझे पाहुणे?"

"करकोचे आहेत! नीट बघा. मान सरळ पुढे, पाय काठीसारखे मागे. गिधाड असतं तर मान खांद्यात गडप झाली असती. चोचीत फट असते यांच्या. गोगलगायी खातात. इकडे आजवर नव्हते, आता आलेत. आपल्या भाताचं भलं करायला आलेत!"

"त्यातला तो एक वेगळा दिसतोय हो," लमै डोळ्यांवर हात धरून म्हणाली. "त्याला मानच नाही."

"उन्हामुळे तसं दिसतं. तू मिरच्या कूट."

याय चान खुर्चीवर बसली. ती बसली की समजायचं, आता उठवायला क्रेन लागणार.

"गिधाडाच्या सावलीत माझ्या नातवाचं लग्न होणार नाही."

आता मला सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? नम्रपणे बोलतो, सरबत देतो, भिक्खूंना बोलावतो. मी काय केलं? खरं बोललो! ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, "करून बघू परीक्षा! गिधाड गोगलगायीला तोंड लावत नाही. अंगणात गोगलगायी पसरतो. उद्या वरात यायच्या आत पक्ष्यांनी खाल्ल्या, तर करकोचे."

"आणि नाही खाल्ल्या तर?"

"तर लग्न मोडा!"

लमैच्या हातातला बत्ता तिच्या पायावर पडला. घरातून फाईचा आवाज आला, "बाबा!"

"ठरलं," याय चान म्हणाली आणि क्रेनशिवाय उठली.

मग काय! गोगलगायींना आमच्याकडे तोटा नाही. भाताची रोपं कुरतडून खाणारी ती सोनेरी पीडा प्रत्येकाच्या शेतात आहे. मी हाक दिल्याबरोबर गाव बादल्या भरभरून आलं. लग्नाला आहेर आणायला जे कुरकुरतात, तेसुद्धा पोत्याने गोगलगायी घेऊन आले! अंगणभर पसरल्या. आणि मी वाट बघत बसलो.

पक्षी उतरेनात! ते आपले गोल गोल, गोल गोल. माझी मानही त्यांच्याबरोबर गोल गोल. बसवेना, उभं राहवेना. पाहुणे येऊन नमस्कार करत होते, मी आभाळाला उत्तर देत होतो. संध्याकाळी पक्षी कालव्याच्या झाडांवर निघून गेले आणि लमै माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"फाईचे बाबा, पोरीचं लग्न तुम्ही गोगलगायीवर लावलंत?"

"शास्त्र आहे ते."

"शास्त्र चालायला लागलंय बघा."

खरंच चालायला लागलं होतं! सकाळी उठून बघतो तर गोगलगायी मांडवाच्या खांबांवर, चटयांवर, पाहुण्यांच्या चपलांत. केळीच्या पानांच्या शंकूवर, अगदी टोकाला, एक बसली होती, जणू लग्न तिचंच! फाई रेशमी वस्त्रं नेसून खिडकीत उभी होती. नुसती आभाळाकडे बघत होती. तेव्हा कुठे मी शुद्धीवर आलो. म्हटलं, प्रायून, तोंड कुणाचं आणि संसार कुणाचा!

कालव्यापलीकडे ढोल वाजला. वरात निघाली.

आणि आले! बाबा रे, काय आले! आधी दोन, मग दहा, मग आभाळ भरून. लांब तंगड्या खाली सोडत धपाधप अंगणात. चोचीत फट, स्पष्ट! गोगलगाय उचल, आतलं ओढ, शंख फेक. सगळं अंगण टकटक, टकटक! मी वेड्यासारखा नाचायला लागलो. "करकोचे! करकोचे!" फाई खिडकीत हसली. खरं सांगतो, त्या एका हसण्यासाठी मी अख्ख्या जिल्ह्यातल्या गोगलगायी हाताने वेचल्या असत्या.

वरात वळणावर आली. पुढे नाचणाऱ्या बायका, केळीची रोपं, ऊस, मध्ये लाजलेला कोंग, आणि छत्रीखाली याय चान. मी ओरडलो, "याय! बघा कोण जेवायला बसलंय!"

त्याच क्षणी ढोलवाल्याने जोरात थाप मारली. सगळे करकोचे एकदम उडाले, थेट वरातीवरून. भरपेट खाल्लेले शेकडो पक्षी घाबरून उडाले की काय होतं, ते मी सांगत नाही. कोंगचा पांढरा सदरा आता पांढराही म्हणता येईना आणि दुसरा कुठला रंगही म्हणता येईना. छत्री होती म्हणून एकटी याय चान कोरडी!

सगळे उडाले. एक नाही उडाला.

तो छपराच्या आढ्यावर बसला होता. तपकिरी. पोत्याएवढा. टकला. मान खांद्यात गडप.

ढोल थांबला.

"प्रायून," याय चान म्हणाली, "तो कोण?"

मी आयुष्यात कुणाला घाबरून खोटं बोललो नाही. गावप्रमुखाला तोंडावर चोर म्हणालोय. पण खिडकीत फाई उभी होती.

"करकोचाच आहे, याय."

"टकला?"

"म्हातारा आहे."

"पाय?"

"आखडलेत. वय झालं की आखडतात. तुमचे नाही का..."

"माझ्या पायांचं राहू दे. चोचीतली फट?"

"बुजली!"

आणि तेवढ्यात त्या म्हाताऱ्या करकोच्याने पंख पसरले, मांडवाच्या मागे उतरला, शेकडो गोगलगायींकडे ढुंकूनही न बघता डुलत डुलत स्वयंपाकाच्या ओट्याशी गेला आणि लाबसाठी, म्हणजे आमच्या तिखट खिम्यासाठी, ठेवलेल्या कच्च्या मांसाच्या पातेल्यात अख्खं डोकं घातलं! लमै झारा घेऊन धावली. त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिने झारा त्याच्याच पुढे ठेवला.

"वरात फिरवा," याय चान म्हणाली.

"याय, ऐका तरी! भुकेलेला परदेशी पक्षी आहे, चुकून..."

"तूच म्हणालास, लग्न मोडा. फिरवा!"

केळीची रोपं फिरली. कोंग जागचा हलेना, त्याच्या मामाने त्याला दंडाला धरून वळवलं. मी दारात पुतळ्यासारखा उभा. तेवढ्यात मला बाजूला ढकलून फाई बाहेर आली. रेशमी वस्त्रं गुडघ्यापर्यंत धरलेली, पायांखाली रिकामे शंख कुरकुर वाजताहेत.

"याय, गिधाड घरावर बसलं ना? माझ्यावर नाही बसलं. ही मी घराबाहेर आले. तुमच्या अंगणात जागा आहे की नाही?"

याय चानने तिला खालून वर पाहिलं. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं.

"बाप असा, आणि मुलगी एवढी शहाणी! कुणावर गेली?"

"आईवर," मी पटकन म्हणालो.

झालं! अख्खा लवाजमा उलटा निघाला. आमच्याकडे मुलगा मुलीच्या दारात येतो. इथे मुलगीच मुलाच्या दारात चालली. केळीचं रोप माझ्या खांद्यावर आणि लमै नाचायच्या जागेवर, पायाला बत्ता लागलेला म्हणून लंगडत. कालवा ओलांडला, तर याय चान आधीच पोचलेली. तिच्या फाटकात सोन्याची साखळी आडवी धरलेली. ही साखळी खरं म्हणजे मुलीकडच्यांनी धरायची, आणि प्रश्न विचारून मुलाला छळायचं. उत्तर मिळाल्याशिवाय साखळी खाली येत नाही.

"मुलीच्या बापाने उत्तर द्यायचं," याय चान म्हणाली. "तुझ्या छपरावर कोण बसलं होतं?"

सगळं गाव. ढोलवाला. गावप्रमुखसुद्धा, दात काढून.

"गिधाड," मी पुटपुटलो.

"ऐकू आलं नाही."

"गिधाड!"

साखळी निम्मी खाली आली. आणि थांबली. म्हातारीने वर पाहिलं. तिच्या अंगणावर करकोचे फिरत होते, मान सरळ पुढे, पाय काठीसारखे मागे. आंधळ्यालाही ओळखू आले असते.

"हे बघ," ती समाधानाने म्हणाली, "माझ्या घरावर बगळे आले. बगळेच ना रे, प्रायून?"

माझ्या नरड्याशी शब्द आला. खरा शब्द! फाईने मागून माझा सदरा घट्ट धरला.

"हो याय," मी म्हणालो. "बगळेच."