झोपाळा, पिझ्झा आणि बावीस आया

"सर, नागपुरात नोकरी पोरं निवडत नाहीत. त्यांच्या आया निवडतात!" मुग्धाने भर मीटिंगमध्ये ठणकावलं.

सुमंत सरांचे डोळे चमकले. नवे पदवीधर शहराबाहेरच्या मिहान आयटी पार्कातल्या ऑफिसात ओढून आणायला त्या थोर माणसाने काय केलं नव्हतं? झोपाळा टांगला, शुक्रवारी पिझ्झा ठेवला, कॉलेजात फुकट टोप्या वाटल्या. पोरं पिझ्झा खाऊन, टोप्या घालून पुण्याला गेली!

"मग बोलाव आयांना. दहा पोरं मिळव. नाहीतर पुण्याच्या ऑफिसला माणूस हवाच आहे, तू जा."

दोन वर्षांच्या लेकीला, चिन्मयीला, सासूबाईंजवळ सोडून मिहान गाठतानाच मुग्धाचा जीव अर्धा व्हायचा. पुणे म्हणजे तर चंद्रच!

शनिवारी बस भरून बावीस आया आल्या. त्यांनी झोपाळा हलवून पाहिला, संडास तपासले, कॅन्टीनचं वरण चाखलं.

"बरं आहे वं वरण," जयाबाईंनी निकाल दिला. त्यांची मान हलली की बाकीच्या एकवीस हलायच्या. सर फुलले! मुग्धाला पुढे ढकलत म्हणाले, "विचारा आमच्या सर्वात आनंदी कर्मचाऱ्याला!"

तेवढ्यात आनंदी कर्मचाऱ्याचा फोन वाजला. सासूबाई!

"शिंकली? किती वेळा, आई? दोनदा की तीनदा? ताप बघा! नीट काखेत धरा!"

जयाबाई टक लावून बघत होत्या. "घरून कितीले निघतं वं?"

"साडेसातला."

"अन् वापस?"

"आठ... लवकर सुटले तर."

"जेवली काय?"

"हो, केव्हाच!" मुग्धाने डबा पायाने टेबलाखाली सारला.

जयाबाईंनी वाकून तो बाहेर काढला. उघडला. पोळ्या जशाच्या तशा! घड्याळात पावणेतीन.

"काहून खोटं बोलून राहिली? हिले जेवाले वेळ नाही, तं आपल्या पोरींचं काय होईन?"

बावीस माना हलल्या. मुग्धाला झोपाळ्यावर बसवून चौघींनी तिला घास भरवले. कंपनीच्या इतिहासात झोपाळ्याचा पहिला खरा उपयोग! पाणी खुद्द सरांनी आणून दिलं.

बस सुटताना जयाबाई खिडकीतून कुजबुजल्या, "शहरातच, महाल भागात भावाचं ऑफिस आहे माह्या. पाचले सुट्टी. दे तुहा बायोडाटाचा कागद."

बस गेली. सर हात चोळत आले. "बोल मुग्धा, किती बायोडाटा आले?"

"आला तर एकही नाही, सर," मुग्धा पदराने तोंड पुसत म्हणाली. "एक गेला मात्र."