झोपेत घेतलेला निर्णय

माझ्यासारखा पक्क्या विचारांचा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही! राजीनामा द्यायचं ठरवलं आणि थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मी गाद्यांच्या कारखान्यात टेस्टर आहे. तयार गादीवर आडवं व्हायचं, चार कुशी बदलायच्या आणि मऊ की टणक ते सांगायचं. हसू नका! माझी पाठ या धंद्यात नावाजलेली आहे. म्हणून तर शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या मालकांनी मला जास्त पगारावर बोलावलं होतं. पगार वाढायलाच हवा होता. आमच्या घरी बाहेरच्या खोलीत सासूबाई, बायको आणि मुलगी झोपतात. मी स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय घालून! मोठी जागा बघून ठेवली होती, अडलं होतं ते भाड्यापाशी.

राजीनामा वाचून साहेब गडबडले. "अरे, असा कसा जातोस? तिकडचा पगार मी देतो, वर केबिन देतो! चारपर्यंत सांग."

चारलाच त्या नव्या मालकांनाही कळवायचं होतं. माझी तर चांदीच! पण तिकडे रोजची रखडपट्टी आणि इकडे साहेबांचा लहरी स्वभाव. मी बायकोला फोन लावला.

"पगार तोच ना? मग राहा की तिथंच."

"पण साहेब शब्द फिरवतात गं."

"मग तिकडे जा."

"लांब आहे."

"अहो, शांतपणे पडून विचार करा आणि एकदाचं ठरवा!"

पडायला कारखान्यात जागेला काय तोटा! एका नव्या गादीवर पाठ टेकली, डोळे मिटले. सासूबाईंच्या घोरण्यानं कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुढचं सगळं मला मुकादमांनी नंतर सांगितलं.

आमच्याकडे नियम आहे. टेस्टरला गादीवर झोप लागली, तर उठवायचं नाही. तीच तर गादीची परीक्षा! मुकादमांनी सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला सांगितलं आणि गादीला 'पास'ची चिठ्ठी लावली. तेवढ्यात माझा फोन वाजला, तो मुकादमांनी उचलला. नवे मालक!

"कुठे आहेत ते?"

"गादीवर. काम चाललंय."

"जरा बोलवा."

"आत्ता नाही उठवता येणार."

"म्हणजे झोपलेत?"

"अहो, अगदी मन लावून झोपलेत!"

पलीकडून फोन आपटला गेला. इतक्यात एका हॉटेलचे मॅनेजर गाद्या बघायला आले. पास झालेली गादी दाखवायची, तर तिच्यावर मी! शेवटी चौघांनी गादी माझ्यासकट ढकलगाडीवर घातली आणि पुढच्या दालनात नेली. मॅनेजरांनी माझ्या नाकाशी बोट धरून श्वास चालू असल्याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "सगळ्या खोल्यांना याच द्या!"

साहेब माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले. "ज्याला जायचंय त्याला अशी झोप लागेल का? हा कुठेही जात नाही. मी उगाच घाबरलो!" आणि त्यांनी माझा राजीनामा फाडून टाकला.

मी जागा झालो तेव्हा चार केव्हाच वाजून गेले होते. धावत केबिनमध्ये गेलो. "साहेब, ठरलं! मी राहतो!"

"मला माहीत आहे."

"आणि तो वाढीव पगार?"

"तो तुला थांबवायला होता रे. तू तर थांबलेलाच आहेस!"

बाहेर येऊन नव्या मालकांना फोन केला. त्यांनी दुसरा माणूस घेतला होता. तेवढ्यात साहेब मागून आले, पाठीवर थाप मारून म्हणाले, "आजची ऑर्डर तुझ्यामुळे मिळाली. ती गादी तुला बक्षीस!"

टेम्पोतून गादी घरी आणली. बायको दारातच उभी.

"काय ठरलं?"

मी सगळं सांगितलं. ती नुसती गादीकडे बघत राहिली. गादी डबल! बाहेरच्या खोलीत मावेना. स्वयंपाकघरात आडवी टाकली, तर ओट्यापर्यंत जाता येईना.

"उभी करा," ती शांतपणे म्हणाली.

सध्या गादी माझ्या झोपायच्या जागेवर उभी आहे आणि मी तिला टेकून बसतो. गादी उत्तम आहे हो, बसूनसुद्धा कळतं!