टिचकीवर निवडलेली रिम

एका जंगलात एक साळिंदर होतं. सिंहपण होता, पण तो या गोष्टीत येत नाही. उगाच वाट बघू नका.

साळिंदराचं नाव साळोजी. त्याच्याकडे एक सायकल होती आणि डोकं जरा गरम होतं. एकदा बाजारात तरसराव त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "टेकडीवरून ओढ्यापर्यंत सायकलनं ये. ब्रेक दाबायचा नाही. आहे हिंमत?"

"नसायला काय झालं?"

"मग लाव पैज. दाबलास तर तुझं बीळ माझं. नाही दाबलास तर माझी गुहा तुझी."

"लागली!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या कुणाचंच बीळ पणाला लागलं नव्हतं.

घरी बायको गोदाबाई पिलांना निजवत होती. ऐकून ती म्हणाली, "अहो, पुढची रिम वाकडीय तुमची. चाक डुगडुगतंय."

"नवी घेतो."

"घ्या. पण फिरवून बघून घ्या. बीळ गेलं तर पिलांना घेऊन कुठं जाऊ मी?"

आता पोरांनो, त्या जंगलात एक रीत होती. काहीही घ्यायचं तर पंचांनी टिचकी मारून घ्यायचं. मडकं, कलिंगड, जावई. टणटणीत वाजलं की माल पक्का. जावयाच्या बाबतीत चुकायचं कधीकधी, पण रीत ती रीत.

तर दुसऱ्या दिवशी पंच सायकलच्या दुकानात आले. एक रेडेबुवा, एक कोल्हीणबाई. दुकान मुंगसाचं.

मुंगूस म्हणालं, "ही स्टीलची. जड आहे, पण दणकट. ही ॲल्युमिनियमची. हलकी, आणि ब्रेक चांगला धरते. फिरवून दाखवू?"

"दुकानदारानं मधे बोलू नये," रेडेबुवा म्हणाले. त्यांनी स्टीलची रिम पोटाशी घट्ट धरली आणि टिचकी मारली. टक.

ॲल्युमिनियमची धरली. टुक.

"हिला सर्दी झालीय," कोल्हीणबाई म्हणाली.

कोपऱ्यात भंगाराच्या ढिगावर एक गंजकी, चेपलेली रिम दोरीनं टांगलेली होती. रेडेबुवांनी जाता जाता तिला टिचकी मारली.

टण्ण!

पंचांचे चेहरे एकदम उजळले.

"काय गं हे! अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं."

"मला तर घरी जावंसं वाटलं."

"हीच घ्यायची. साळोजी, हीच."

मुंगूस हळूच म्हणालं, "ही माझ्या दुकानातली नाही हो. काठ पिचलाय तिचा. टायर बसायचा नाही."

"नकोच टायर. आवाज दबेल."

ती रिम कुठली ते मी तुम्हाला सांगतो. पंचांना सांगू नका. ती शाळेची घंटा होती.

शाळेत हुप्या नावाचं एक माकड होतं. घंटाच नाही तर शाळा कशी भरेल, असा त्यानं विचार केला. हुप्यानं विचार केला की असंच होतं. त्यानं सकाळीच घंटा दोरीसकट काढली आणि मुंगसाच्या ढिगावर टांगली. रिमांच्या दुकानात रिम. कोण बघतंय!

पण कासवगुरुजी म्हणाले, "शाळा भरवायला छडी पुरते. सोडायला मात्र घंटा लागते. नियम आहे."

म्हणून त्या दिवशी शाळा सुटलीच नाही. ऊन कललं तरी गणित चालू. पोरांच्या पोटात कावळे. एक पोरगा तर खरंच कावळा होता, त्याला कुणी हसलंपण नाही. हुप्या घामाघूम.

तिकडे साळोजी टेकडीवरून सुटला. पुढं बिनटायरची रिम. दगडावर आपटली की टण्ण. परत दगड, परत टण्ण. गोदाबाई ओढ्याकाठी पिलांना पोटाशी धरून उभी. पंच, मुंगूस, तरसरावही बघायला आलेले.

आवाज शाळेत पोचला. गुरुजी म्हणाले, "सुटली."

अख्खी शाळा धाडकन रस्त्यावर आली. आणि शाळेचा रस्ता म्हणजे तोच उतार.

साळोजीनं समोर पोरं बघितली. मग ओढ्याकाठची स्वतःची पिलं बघितली. डोळे मिटले आणि ब्रेक दाबला.

चाक सगळ्यात मागं पळणाऱ्या हुप्याच्या शेपटीला टेकून थांबलं.

"दाबला!" तरसराव ओरडला. "सगळ्यांनी बघितलं. बीळ खाली करा!"

गोदाबाईनं एक पिलू या हातातून त्या हातात घेतलं.

हुप्यानं आपली शेपटी बघितली. आहे का अजून, ते बघितलं. मग म्हणाला, "साळूकाका, ही रिम नाही. शाळेची घंटा आहे. मीच चोरून तिथं टांगलेली."

"ए कार्ट्या!" रेडेबुवा गरजले. "आम्ही टिचकी मारून घेतलीय. टिचकी खोटी?"

"मग परत मारून बघा."

चाक काढलं, झाडाला टांगलं. रेडेबुवांनी टिचकी मारली.

टण्ण!

रेडेबुवा उठले आणि घरी गेले. कोल्हीणबाईपण घरी गेली. मुंगूसही गेलं. काय आहे, कासवं लई जगतात. जंगलातले सगळेच त्या एका गुरुजींकडे, त्याच घंटेखाली शिकलेले. घंटा आहे हे कळलं की पाय घराकडंच वळणार. तरसराव बीळ घ्यायला निघाला होता, तो खांद्यावर नसलेलं दप्तर सावरत पळत सुटला.

निकाल काही लागला नाही. पंच दर वेळी जमतात, पुरावा तपासतात आणि घरी जातात.

घंटा आता गोदाबाईनं बिळाच्या तोंडाशी टांगलीय. तरसराव ताबा मागायला आला की ती टिचकी मारते. तो घरी जातो. त्याच आवाजावर शाळापण सुटते.

पण तरसराव आलाच नाही तर शाळा सुटत नाही. म्हणून हुप्या रोज सकाळी त्याच्या गुहेवरून जाताना विचारतो, "काय तरसराव, घेतलं का बीळ? आहे हिंमत?"

तात्पर्य: रिम नेहमी आवाज ऐकूनच घ्यावी. तिच्यावर सायकल धड चालत नाही, पण खटलाही चालत नाही.