डोमाजी शिंप्याचा प्रतिपक्ष

डोमाजी शिंप्याला कुणी ‘हो’ म्हटलेलं खपत नसे. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. माझी गोरेगावच्या शाळेत बदली झाली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून हा गुन्हा घडला. शर्ट शिवायला टाकायला गेलो होतो. माप घेता घेता डोमाजी म्हणाला, “गुरुजी, देव आधी का दुनिया आधी? मी म्हनतो, देव.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

त्यानं टेप गळ्यात टाकली आणि तोंड फिरवून मशीनवर जाऊन बसला. “तुमी हो म्हनले का गोठ मेली ना, बोलनंच सरलं. उलटं बोला.”

उलटं बोलायची मला सवय नव्हती, आणि मास्तराशी उलटं बोलायची वर्गाला नव्हती. मी विषय बदलला. बाही मनगटापर्यंत हवी, असं सांगितलं.

“काऊन?”

“मला आवडते.”

“आवडते हे काही कारन नाही.”

दुसरं कारण मला सुचेना. शर्ट कोपरापर्यंतच्या बाह्यांचा आला. तो मी चार वर्षं वापरला.

लोक त्याच्या दुकानासमोरून जरा घाईनंच जात. वाद घालायला त्याच्याजवळ हक्काचा माणूस एकच होता, सडक अर्जुनीचा लटारू. दोघेही शाहीर. डोमाजी तुऱ्याचा, म्हणजे शिव मोठा म्हणणारा. लटारू कलगीचा, म्हणजे शक्ती मोठी म्हणणारा. दिवाळी झाली की आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, भर दुपारी, दोघं डफ घेऊन समोरासमोर उभे राहत आणि गाण्यातून एकमेकांना सवाल घालत. नियम कडक होता. जो निरुत्तर होईल त्यानं डफावरचं निशाण सोडून दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि त्या मंडईत पुन्हा उभं राहायचं नाही. वीस वर्षांत एकानंही निशाण सोडलं नव्हतं.

मला वाटलं, बिचाऱ्याला एकदा जिंकून देऊ. पंधरा दिवस डोकं खाजवून मी एक सवाल तयार केला. शक्ती म्हटली की ती कुणाची तरी शक्ती असणार. मग ज्याची शक्ती, तो आधी नको का?

डोमाजीनं सुई खाली ठेवली. बराच वेळ विचार केला. “याले उत्तर नाही, गुरुजी.”

“नाहीच,” मी मिशीवरून हात फिरवत म्हणालो.

तो खूश होईल अशी माझी अपेक्षा होती. त्याचा चेहरा मात्र पडला. आठ दिवस मशीन बंद. ऐन दिवाळीत अर्धा गाव जुन्या बंड्यांत फिरला आणि पाटलाच्या जावयाचा कोट एका बाहीवर अडकून पडला. मग एक दिवस, “बटनं आनतो,” म्हणून डोमाजी बसनं कुठंतरी जाऊन आला.

मंडईत त्यानं माझा सवाल घातला. मी पुढच्या रांगेत छाती काढून बसलो होतो. लटारूनं डोळे मिटले, डफावर थाप मारली आणि गायला लागला. आई म्हटली की ती कोणाची तरी आई. मंग लेकरू आधी जलमलं का?

लोकांनी टोप्या उडवल्या. माझी छाती आपोआप आत गेली. पण एक गोष्ट मी पाहिली. लटारू गात असताना डोमाजीचे ओठ हलत होते, आणि तेही लटारूच्या अर्धा शब्द पुढे.

संध्याकाळी मी तडक त्याच्या घरी गेलो. तो चुलीपुढं बसला होता.

“उत्तर तुम्ही बांधून दिलंत?”

“दिलो. बटनं आनाले नाही, त्याले शिकवाले गेलतो.”

“मग सवाल विचारलात तरी कशाला?”

“इतका चांगला सवाल, न विचारता ठेवू?” त्यानं चूल फुंकली. “अन् त्याले निशान सोडाले लावलो असतो, तं पुढच्या साली मी कोनासंग बोलू?”

त्यानं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

“पाच साल झाले, माजी बायको गेली. सारा गाव आला. मी म्हनलो, आत्मा मरत नाही. सारे म्हनले, हो डोमाजी, खरं हाय. अन् घरी गेले. लटारू म्हने, गेली ते गेली, खोटं कायले बोलतेस? मले असा राग आला. तीन दिवस भांडलो त्याच्यासंग. त्यानंच भात शिजवला, अन् भांडता भांडता मले चारला.”

मला माझीच लाज वाटली. या माणसाचा एकुलता एक सोबती मी काढून घ्यायला निघालो होतो, आणि वर उपकार केल्याच्या ऐटीत होतो.

तेवढ्यात लटारू विहिरीवरून पाय धुऊन आला. त्याचा मुक्काम इथंच होता.

“डोमा,” तो खांबाला टेकत म्हणाला, “तुजं ते आईचं उत्तर लंगडं हाय. मी गाऊन राहिलो तवाच दिसलं मले.”

डोमाजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, भाताचं पातेलं उतरवलं आणि आपला पाट ओढून त्याच्या अगदी समोर बसला.

“कसं लंगडं? सांग,” तो म्हणाला.