दामूदादा रस्ता विचारतात

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. व्हॅनच्या काट्यावर एक लाख बारा हजार चारशे सहा किलोमीटर. हजर : दामूदादा चुरी, मी, आणि मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. बेटेगावातल्या आमच्या फाटकापासून गाडी दीडशे फूट गेली असेल नसेल, तोच दामूदादांनी ब्रेक मारला, काच खाली केली आणि सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याला विचारलं, "हायवेला कुठून जायचं रे?"

पाववाला त्यांना वीस वर्षं पाव देतो. त्याने एक पाय जमिनीला टेकवला आणि काही विशेष घडलंय असं न दाखवता सांगितलं, "सरळ, काका."

"सरळ ना? इचारलेलं बरं."

मी खिशातली वही काढून एक रेघ मारली. मी बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. बोल्टसुद्धा मोजून देतो. दामूदादा दिवसातून किती वेळा रस्ता विचारतात याची मोजदाद कोणी केलेली नव्हती, आणि ती संधी मला सोडायची नव्हती.

मी या आळीत राहायला येऊन दीड वर्ष झालं. दामूदादा शेजारचे. वय एकसष्ट, निवृत्त फिटर, घरात एकटे. मुलगी नाशिकला. भिंतीवर सुलूवहिनींचा फोटो, त्याला चंदनाचा हार. वहिनींना मी पाहिलेलं नाही. मी येण्याच्या चार महिने आधी त्या गेल्या. मी ओळखतो ते फक्त दामूदादांना, आणि त्यांची ओळखच मुळी त्यांनी मला माझ्याच दारात "चुरींचं घर कुठलं हो?" असं विचारून करून दिली. मी नवीन होतो. म्हटलं, "मला माहीत नाही." तर म्हणाले, "मग चला, दाखवतो."

एकदा मी त्यांच्याबरोबर बोईसरला गेलो होतो. स्टेशनच्या पाटीखाली उभं राहून त्यांनी एका कामगाराला विचारलं, "भैया, स्टेशन किधर?" तो वर पाटीकडे बघून म्हणाला, "चाचा, आपने कल भी पूछा था. आज भी यहीं है."

"वो ठीक है. पूछा तो क्या बिगडा?"

मोबाइलमधला नकाशा मी त्यांना तीनदा शिकवला. त्यांना तो येतो, पण पटत नाही. "ती बाई बोलते ते ठीक हाय. पण ती कधी बेटेगावला आलेय का?"

तर हा डबा. तीन वर्षांपूर्वी दामूदादा आणि वहिनी याच व्हॅनने सौराष्ट्रात फिरायला गेले होते. भावनगरच्या पुढे संध्याकाळी रस्ता चुकले. वहिनींना साखरेचा त्रास, वेळेवर खायला हवं. रस्त्याकडेच्या एका घरातल्या बाईने त्यांना बसवलं, खिचडी-कढी वाढली आणि वाटेसाठी हा डबा भरून दिला. "डबा सावकाश परत द्या," म्हणाली. घरी आल्यावर वहिनी दर आठवड्याला एकदा तरी म्हणायच्या, त्या बाईचा डबा द्यायचाय. मग दुखणं निघालं आणि ते राहिलं. बाईचं नाव ठाऊक नाही, गावाचं नाव ठाऊक नाही. वळणावर पाण्याची टाकी आणि निळा दरवाजा, एवढाच पत्ता.

"दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून माणूस गेला," दामूदादा मला म्हणाले होते, "बरं दिसत नाय ते. तुमी चला, भाऊ. तुमाला मोजता येतं."

मोजता येण्याचा यात काय उपयोग ते मला कळलं नाही. पण मी रजा टाकली.

हायवे सरळ उत्तरेला जातो. त्याला चुकायची सोय नाही. तरी तलासरीला, वापीला, वलसाडला, नवसारीला गाडी थांबली. एका टोलनाक्यावर त्यांनी खिडकीतल्या मुलीला "सुरत यहीं से ना?" विचारलं. ती म्हणाली, "और कहाँ से जाएगी?" यावर दामूदादा विचारात पडले आणि मागे अकरा ट्रकांनी हॉर्न धरला. हजिऱ्याच्या धक्क्यावर पोचेपर्यंत माझ्या वहीत तेवीस रेघा होत्या.

बोटीवर व्हॅन चढली, साखळ्या लागल्या, आणि आम्ही वर जाऊन बसलो. ही बोट हजिऱ्याहून निघून पलीकडे सौराष्ट्रातल्या घोघ्याला जाते. मला वाटलं, आता चार तास रजा. समुद्रात कोणाला विचारणार?

दामूदादा उठले आणि चहाच्या काउंटरवर गेले. "ही घोघ्यालाच जाते ना?" चहावाला हो म्हणाला. मग त्यांनी गणवेशातल्या एका माणसाला विचारलं. मग झाडूवाल्याला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ फरसाण खात होते. त्यांचा हात थांबला. "क्यूं, दूसरी जगह भी जाती है क्या?"

"इचारलेलं बरं," दामूदादा म्हणाले.

ते गृहस्थ पुडी बांधून उठले आणि चौकशीला गेले. त्यांच्यामागे त्यांच्या दोन सुना, त्यांच्यामागे एका लग्नाच्या वऱ्हाडातली सात-आठ माणसं. काउंटरपुढे रांग लागली. शेवटी स्पीकरवरून सांगावं लागलं की ही बोट घोघ्यालाच जाते आहे, प्रवाशांनी निश्चिंत बसावं. "सांगितलं म्हणजे शंका होतीच," असं वऱ्हाडातल्या एकाने मोठ्याने म्हटलं, आणि रांग पुन्हा वाढली.

बोटीवर दामूदादांच्या नऊ रेघा झाल्या. बाकीच्यांच्या मी धरल्या नाहीत.

घोघा दिसायला लागलं तसे आम्ही खाली गाडीत येऊन बसलो. तेव्हा मला वास आला.

"दामूदादा, डब्यात काय आहे?"

"रिकामा डबा परत देतात का? वर सोडे, मधे सुके बोंबील, खाली जवळा. सगळं दातिवऱ्याहून निवडून आणलंय. सोडे बघा, एकेक बोटाएवढा."

"त्या घरचे मासे खातात का?"

दामूदादांनी मागे वळून डब्याकडे बघितलं.

"सकाळपासून बत्तीस वेळा विचारलंत," मी म्हटलं. "हे एवढं नाही विचारलंत?"

"खिचडी-कढी दिली होती," ते हळू म्हणाले. "दारावर लाभ-शुभ होतं." मग रुमालाने स्टिअरिंग पुसायला लागले. "सुलूला इचारायचं राहिलं."

उतरल्यावर धक्क्याजवळ जाळं सांधत बसलेल्या एका खलाशाला त्यांनी रस्ता विचारला. तो वर बघून मराठीतच म्हणाला, "तुमी पालघरचे का? मी तिकडच्याच झाईचा." चार महिने झाले होते त्याला घर सोडून. दामूदादांनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. तो आधी डब्याकडे, मग आमच्याकडे बघत राहिला. सगळं त्याने गमछ्यात बांधून घेतलं आणि आम्हाला पाण्याच्या टाकीचा रस्ता सांगितला, जो साफ चुकीचा निघाला.

डबा आम्ही चहाच्या टपरीवर तीन वेळा धुतला. राखेने, वाळूने, शेवटी लिंबाने. मग व्हॅनमध्ये वाटेला खायला घेतलेले दामूदादांच्या झाडाचे चिकू त्यात भरले. मोजून चौदा बसले. वास थोडा राहिलाच.

पुढच्या दोन तासांत मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा दामूदादांचं विचारणं कामी येताना पाहिलं. पाण्याच्या टाक्या प्रत्येक गावाला होत्या. निळे दरवाजे तर गल्लीला चार. ते उतरायचे, म्हाताऱ्यांच्या शेजारी बसायचे, हातवारे करायचे. खलाशी धरून चौदाव्या विचारणेला एका मेंढपाळाने काठी उचलून दाखवलं.

दरवाजा आता हिरवा होता. पण बाई तीच. तिने उंबऱ्यातूनच दामूदादांना बघितलं, डबा बघितला आणि कपाळावर हात मारून हसली.

"अरे, ये तो वो ना पूछने वाले भाई!"

मला वाटलं, बाईची काहीतरी गल्लत होते आहे. मी म्हटलं, "बेन, ये तो बहुत पूछते हैं."

"ये? ना रे!" ती मला सांगू लागली. "उस दिन मेरे घर के आगे से चार बार गाडी गई. चार बार! बेन अंदर से चिल्लाती थी, उतरो, पूछो. ये भाई उतरे तो कसम. आखिर बेन खुद उतरी. मुझे आज भी याद है, उनका वो मराठी." आणि तिने अगदी हातवारे करून, वहिनींसारखंच असणार, म्हटलं, "इचारलेलं बरं! इचारलेलं बरं!"

दामूदादा खाली बघून हसत होते.

"बेन कहाँ? नहीं आईं?"

दामूदादांनी चप्पल काढायला बराच वेळ लावला. "तिला... उसको गाडी लगती है," ते म्हणाले. "अगली बार."

चुकीचा आकडा दिसला की मी लगेच दुरुस्त करतो. साहेबांसमोरसुद्धा करतो. तिथे मी पाण्याचा पेला उचलला आणि संपवला.

बाईने डबा उघडला, क्षणभर थांबली, पदर नाकाकडे नेला आणि तसाच खाली आणला. "चीकू बहुत मीठे होंगे," ती म्हणाली. "समंदर के पास के हैं ना." मग चिकू परातीत काढून ती आत गेली, आणि आम्ही निघताना तो डबा तिन्ही कप्प्यांत सुखडी, म्हणजे गूळ-तुपाच्या वड्या, भरून आमच्या हातात दिला. मी म्हणायला गेलो की डबा परत करायलाच तर आलो होतो. ती म्हणाली, "खाली कैसे दूँ? सावकाश लौटाना. बेन को लेके आना."

गाडीत बसल्यावर दामूदादांनी डब्याला पुन्हा पट्टा बांधला. "आता परत यावं लागेल, भाऊ," ते म्हणाले. आवाज तक्रारीचा नव्हता.

परतीला, घोघ्यापासून चिल्हार फाट्यापर्यंत, त्यांनी कोणालाही काही विचारलं नाही. बोटीवर खिडकीशी बसून राहिले. वलसाड गेलं, वापी गेलं. माझी वही गुडघ्यावर तशीच उघडी.

चिल्हार फाट्याला त्यांनी गाडी कडेला घेतली. इथून बोईसरला उजवीकडे वळायचं. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, नकाशातल्या बाईलाही माहीत होतं. इंजिन चालू होतं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. काच खाली करत नव्हते.

मी दोन मिनिटं थांबलो. मग दार उघडून उतरलो आणि शेंगा विकणाऱ्या माणसाला विचारलं, "बोईसरला कुठून जायचं?"

त्याने माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

मी परत येऊन बसलो. "उजवीकडे," म्हटलं. "इचारलेलं बरं."

दामूदादांनी मान हलवली आणि गिअर टाकला. पेट्रोलचा अर्धा वाटा मी देऊ केला होता, तो त्यांनी घेतला नाही. वहीत एकूण रेघा सत्तेचाळीस. सेहेचाळीस त्यांच्या. शेवटची माझी, दामूदादांना दिलेली. ती त्यांनी घेतली.