टॉवेलला दिलेली धुरी

घरातली कुठलीही अडचण मी एका दुपारीत मिटवतो, असं मी स्वतःच गावभर सांगत असतो. त्यामुळे आळंदला आठवडाभर झड लागली, घरातले झाडून सगळे टॉवेल कुबट वास मारू लागले आणि नेमके त्याच रविवारी माझ्या बहिणीला, हर्षिताला, बघायला गुलबर्ग्याहून पाहुणे येणार म्हटल्यावर मी छाती पुढे काढून म्हणालो, "टॉवेल माझ्याकडं लागले!"

आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी हातपाय धुवायला पाणी आणि लगेच टॉवेल. म्हणजे पोहे, चहा, मुलगी, सगळ्यांच्या आधी पाहुण्याच्या नाकाशी जातो तो टॉवेल! आणि आमच्या टॉवेलने तोंड पुसलेला माणूस पुन्हा तोंड धुवायला पळत होता!

"दादा, श्रीहरीशी फोनवर बोललेय मी. मला पसंत हाय," हर्षिता म्हणाली. "घोळ घालू नको."

"अगं, मी हाय ना!"

"म्हणूनच सांगायलेय."

सोडा घालून टॉवेल उकळले. वास गेला. घरात दोरीवर टांगले, तर रुसून गेलेल्या जावयासारखा दुप्पट ऐटीत परत आला! शेवटी बाबूलालच्या दुकानातून धुरीचा पुडा आणला.

"साब, ह्याच्यानं लंगोटाचा बी वास जातो. टॉवेल काय चीज हाय!" बाबूलाल म्हणाला.

मी बिनलग्नाचा. स्वतःचे लंगोट सुटल्यापासून त्या विषयाशी माझा काही संबंध उरला नव्हता. शेगडीत निखारे घातले, वर टोपली पालथी घातली, तिच्यावर टॉवेल पसरले आणि दिली दणकून धुरी! हर्षिता मैत्रिणीकडे साडी आणायला गेली होती आणि आईचं नाक सर्दीने बंद. कौतुक करायला कोणी नव्हतं, म्हणून ते मीच केलं.

रविवारी श्रीहरी आला, सोबत त्याच्या आत्या, दानम्मा. त्यांनीच त्याला लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे शब्द त्यांचाच. दानम्मांनी हातपाय-तोंड धुतलं, टॉवेल तोंडाला लावला आणि थबकल्या. पुन्हा हुंगला.

"ओवा, वेखंड, बाळंतशेपा... घरात बाळंतीण कोण हाय?"

घरात बायका दोनच. एक साठीची आई आणि दुसरी, जिला बघायला हे आले होते ती! दानम्मांची नजर आईवरून निघाली ती थेट आतल्या दाराकडे गेली.

"आन् घरात बाळंतपणाचं सुवेर असताना आम्हाला बोलिवलाव कामून? पाणी बी चालत न्हाई आम्हाला!"

घाबरलो की मला सुचतं आणि सुचलं की मी बोलून टाकतो. "म्हैस! आमची म्हैस व्यालीय!"

दानम्मांचा चेहरा खुलला. "असं व्हय! मग खरवस खाऊनच जावं की!"

"आपल्याकडं म्हैस कुठली रं?" आई म्हणाली.

"आन् म्हशीला तोंड पुसायला टॉवेल देतेत व्हय तुमच्यात?" श्रीहरीने विचारलं.

दानम्मा चपला शोधू लागल्या. बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी टोपलीखाली घालून जाळलं होतं!

तेवढ्यात हर्षिता आतून तरातरा आली. डोळ्यांत पाणी, हातात न्हाणीतला माझा रोजचा टॉवेल. तो तिने सरळ दानम्मांच्या नाकाखाली धरला.

"आत्या, हुंगा. दादाचा हाय. ह्याला तेवढी धुरी द्यायची राहिलीय."

दानम्मांनी हुंगला आणि भिंतीला टेकल्या. "अगं आई गं! ह्याच्यापरीस बाळंतीण परवडली! ह्यो वास घालवायला धुरी दिलाव व्हय?"

मी मान हलवली. श्रीहरी हसत हसत खालीच बसला, मग हर्षितालाही हसू फुटलं. दानम्मांनी पोहे दोनदा मागून घेतले, चहा प्याला आणि गंभीर झाल्या.

"पोरगी पसंत हाय. पण एक अट हाय."

आईने पदर सावरला. मी मूठ आवळली.

"लग्नात ह्या भावाला कशालाच हात लावू द्यायचा न्हाई."

"मान्य!" आई आणि हर्षिता एकदम ओरडल्या. मला कोणी विचारलंसुद्धा नाही! हुंडा मागितला असता तर ताडकन उठून भांडलो तरी असतो हो.